पुसलेला पत्ता

कोपऱ्यावरच्या स्टुडिओतल्या फोटोवाल्या काकांचा एक हट्ट होता. गिऱ्हाइकाला इंटरनेटवर टाकायचा फोटो द्यायचा, तर त्या फोटोच्या पोटात दडलेली माहिती, म्हणजे तो कुठं काढला, कधी काढला, सगळी पुसूनच द्यायची. "घराला कुलूप लावता आणि फोटोबरोबर पत्ता वाटत सुटता? अक्कल काय गहाण टाकलीय?" म्हणून ते वसकन अंगावर यायचे. पुसण्याआधी ती माहिती आपण वाचायची नाही, हाही त्यांचाच नियम.

हीच शिस्त त्यांनी लेकीला लावली होती. सहा वर्षांपूर्वी तिच्या लग्नावरून भांडण पेटलं, रागाच्या भरात काका "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हणाले, आणि तिनं ते ऐकलं. तेव्हापासून वर्षातून एकदा नातीचा फोटो मेलवर यायचा. ना ठिकाण, ना तारीख. "शिकवलं तसंच करते पोरगी," असं रिकाम्या स्टुडिओला सांगून काका गार झालेला चहा ढवळत बसायचे.

यंदाच्या फोटोत नात एका दारात उभी होती. फोटो उघडताच संगणकानं सांगितलं, यात ठिकाणाची नोंद आहे. काकांच्या हातानं सवयीप्रमाणे ती न वाचताच पुसली, मूळ मेलसुद्धा कायमचा उडवला. मग लेकीच्या एवढ्या धांदरटपणाचा राग येऊन त्यांनी तिला सहा वर्षांतली पहिली ओळ लिहिली, "पत्ता पुसायला विसरलीस. मी पुसलाय."

उत्तर लगेच आलं.

"विसरले नव्हते, बाबा."