केणे प्रोफेसर तिकडे कोणाबरोबर जेवतात?

पोरीला सातवीनंतर घरी का बसवलं, असं कुणी तोंडावर विचारलं तर तुम्ही काय सांगाल? गरिबीचं नाव पुढे करू नका. हळदीला अख्खा गाव जेवू घालता, ते सगळ्यांना दिसतं.

दामाजी केण्यांकडे उत्तर तयार होतं. "मी उद्या पाठवीन. पन गाव काय बोलंल?"

केण्यांचं घर कल्याणसमोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर. दामाजी जन्मभर मिठागरात राबले, पुढे थोडी जमीन केली. थोरला गोपीनाथ स्कॉलरशिपा मिळवत मिळवत थेट अमेरिकेत पोचला आणि तिकडच्याच एका लहान गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला. धाकटी उत्तरा यंदा सातवी पास झाली. हायस्कूल कल्याणात. होडी चालते भरती-ओहोटीच्या मर्जीने, तेव्हा रोज जाऊन येऊन शाळा होणार नाही; पोरीला कल्याणातच राहावं लागेल. चोपन्न सालच्या या उन्हाळ्यात गोपीनाथ सुट्टी काढून आला, तो एवढ्या एका कामासाठी. बहिणीचं नाव जूनमध्ये हायस्कुलात घालायचं.

"तर मंग रविवारी गावदेवीच्या ओट्यावर तूच बोल," दामाजी म्हणाले. "तू प्रोफेसर. गावानं मान हालवली का मी मोकळा."

गोपीनाथ बोलायला उभा राहिला आणि पहिल्यापासूनच गोंधळला. तिकडे त्याचे विद्यार्थी पुढच्या बाकावर पाय टाकून बसतात, तोंडात काहीतरी चघळतात, त्याला 'गोपी' म्हणतात आणि व्याख्यानाच्या मध्येच सांगतात, मला हे पटत नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, गेली नोकरी. नंतर कळलं, जो असं बोलत नाही तो झोपलेला असतो. इथे सगळा गाव मांडी घालून, तंबाखू मळत, टक लावून ऐकत होता, आणि पटतंय की नाही याचा काही पत्ता लागत नव्हता. मुलींचं शिक्षण, नवं राज्य, नवा काळ, सगळं सांगून झालं. कोणी हूं की चूं केलं नाही. तेव्हा त्याने तिकडच्या सवयीने म्हटलं, "काही शंका असतील तर विचारा."

तिथे घात झाला.

"शंका आपल्याला विचारतो," मागून नाथा भोईर शेजाऱ्याला म्हणाला. "म्हंजे ह्यालाच पुरतं ठाव नाय वाटतं."

गावातले वडीलधारे गुणाजी यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. "शिक्षणाचं आयकलं. आता तुजं सांग. तिकडं तुजी भांडी कोन घासतं?"

"मीच घासतो."

"कपडे?"

"मीच धुतो."

"दाढी?"

"तीही मीच करतो, गुणाजीकाका."

"न्हावी घरी येत नाय?"

"नाही. तिकडे तो कुणाकडेच जात नाही."

गुणाजींनी नाथाकडे पाहिलं, नाथाने गुणाजींकडे.

"शेजारी?"

"फार चांगले आहेत. दिसले की हसतात. आज थंडी फार, म्हणतात."

"घरात येतात?"

"बोलावल्याशिवाय नाही येत."

"आनी जेवतोस कोनासंगं?"

गोपीनाथ हसला. "पुस्तकासंगं."

कोणीच हसलं नाही. मग वातावरण जरा सैल करावं म्हणून त्याने आपला हुकमी किस्सा काढला. गेल्या थंडीत त्याला ताप आला होता. शेजारची म्हातारी गरम सूप घेऊन आली, पातेलं पायरीवर ठेवलं, घंटा वाजवली, आणि हा दार उघडेपर्यंत आपल्या फाटकाशी पोचून हात हलवत उभी राहिली. येताना मुंबईतले मित्र या किश्शावर हसून लोळले होते.

इथे बायकांनी पदर तोंडाला लावला. आवडाबाई, गावातली लग्नं जी गाणी म्हणून लावते ती धवलारीण, कधी गप्प बसायची नाही. ती म्हणाली, "पायरीवर ठेवून पलाली? तापानं फणफणलेल्या पोराला?"

आता गुणाजी उठून उभे राहिले. वाळीत टाकायला कायद्याने बंदी येऊन पाच वर्षं झाली होती. त्याआधी हा कारभार त्यांच्याच हातात असे. न्हावी बंद, उंबरठा बंद, पंगत बंद, द्यायचं ते बाहेरून. कायदा झाला म्हणून डोक्यातलं थोडंच पुसलं जातं? सगळ्या खुणा एकेक करून जुळल्या होत्या.

"पोरा, घाबरू नको. आपलीच मानसं आहेत. तिकडच्या गावानं तुला वाळीत कशापायी टाकलं?"

"अहो काका, वाळीत कसलं? तिकडे सगळेच आपली भांडी आपण घासतात. माझ्यासारखे कितीतरी एकटे जेवतात."

"अख्खा गाव वाळीत?" नाथा म्हणाला. "मंग टाकलं कोनी?"

वर्गातली आडदांड पोरं गोपीनाथला वाटेल ते विचारत, पण हे त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

गावाने चिडावं तर तेही नाही, गाव कळवळला. एक म्हणाला, दंड काय तो विचार, तांदूळ आम्ही देऊ, गावजेवण घाल आणि मोकळा हो. दुसरा म्हणाला, सुके बोंबील ने, घरोघर वाट, मानसं आपोआप बोलतात. गोपीनाथने ते पहिल्याच वर्षी करून पाहिलं होतं आणि आळीतल्या सगळ्या खिडक्या धडाधड लागल्या होत्या, पण हे त्याने शहाण्यासारखं पोटातच ठेवलं. त्याची आई जनाबाई कोपऱ्यात डोळे पुसत होती.

शेवटी गुणाजींनी निकाल दिला. "शिकून पुरुषासारखा पुरुष असा एकटा पडला. पोरीचं काय होईल? नको."

घरी जाताना गोपीनाथ तणतणला. "बाबा, त्यांनी सगळं चुकीचं धरलं."

"चुकीचं कंचं? तू एकटा जेवतोस का नाय?"

"जेवतो, पण..."

"पन काय?"

तिकडे या गोष्टीला गोपीनाथ स्वातंत्र्य म्हणत असे.

उत्तरा मागून येत होती. ती म्हणाली, "दादा, तू शाळेचं बोलत राहिलास. त्यांनी जेवायचं विचारलं. बाबा, मना कल्याणला आपल्यात बसवून जेवू घालनारं घर गावलं तर?"

दामाजी बांधावर थांबले. "पंगतीला बसवनारं घर गावलं, तर गुणाजीला मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून गोपीनाथ होडीने कल्याणात. आता सोपं आहे, असं त्याला वाटलं. पहिल्या घरी खोली मिळत होती; मुलीने स्वयंपाकघरात मात्र येऊ नये. दुसऱ्या घरी ताट-वाटी तिची तिने आणावी, आणि घासून बाहेरच्या कोनाड्यात ठेवावी. तिसरे गृहस्थ पुढारलेले. चहा दिला, अमेरिकेची खडान्‌खडा चौकशी केली, तिकडे काळ्या माणसांना वेगळं बसवतात म्हणून हळहळले. मग खाली बघून म्हणाले, "आमच्या मातोश्री जुन्या वळणाच्या, प्रोफेसर. मुलीचं ताट ओसरीवर मांडू."

गोपीनाथ रस्त्यावर आला तेव्हा होडीचा धक्का कुठल्या बाजूला, तेही त्याला उमगेना. अमेरिकेतल्या ज्या गावात एकमेकांकडे कोणी जेवत नाही, तिथे त्याला कुणी ओसरीवर बसवलं नव्हतं. इथे दारोदार पंगती, माणसांचा गोतावळा. गुणाजींना जाऊन सांगायचं काय? त्या म्हाताऱ्याला वाळीत टाकणं लांबून ओळखता येतं. कल्याणातल्या या तीन दारांत तर ते त्याला पायरीवरूनच दिसलं असतं.

आता गोपीनाथची सुट्टी संपत आली आहे. शाळा उघडायची आहे. उत्तरा घरी आहे आणि दामाजी दिलेल्या शब्दावर कायम आहेत.

तेव्हा कल्याणात राहणाऱ्या वाचका, तुझ्या घरात खोली नसली तरी चालेल, पोर माजघरात निजेल. पण आत, स्वयंपाकघरात, तुझ्या मुलीच्या शेजारी एक पाट जास्तीचा मांडता येत असेल, आणि आईला तसं आधी सांगायची हिंमत असेल, तर दामाजी केण्यांना निरोप पाठव. खाडीवरच्या कुठल्याही होडीवाल्याकडे दिलास तरी पोचेल.