सवाष्णीच्या हातच्या शेवया

माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात रुखवताच्या शेवया करायला पूर्णगडची एक बाई आमच्याकडे येत होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. या शेवया सवाष्णीच्याच हातच्या लागत, आणि तिचा नवरा गलबतावर खलाशी होता.

ती कणकेची पातळ पोळी लाटायची आणि स्वतःचं करंज्यांचं पितळी कातणं फिरवून तिच्या बारीक, सारख्या पट्ट्या कापायची. घामाने कुंकू ओघळलं की हातातलं काम टाकून आधी ते नीट करायची.

शेवटच्या दिवशी दुपारी तिच्या गावचा एक खलाशी पडवीत येऊन उभा राहिला. तो आणि तिचा नवरा एकाच गलबतावर होते. परतला हा एकटाच. मी पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही.

"वयनी, जरा भायेर ये गो."

तिने मान वर केली नाही. "भावजी, दोन पोळ्या ऱ्हायल्यात. त्या होऊंदेत, मग काय ता सांगा. आत्ता ऐकलं तर पोरीच्या शेवया फुकट जातील."

तो थांबला. तिने दोन्ही पोळ्या कापल्या, शेवया काठीवर वाळत घातल्या, कातणं पुसून माझ्या हातात दिलं.

"ठेवा तुमच्याकडे, बाय. आता याला माझा हात चालायचा नाय."

मग ती बाहेर गेली. तिचा हंबरडा मागच्या माडांच्या आगरापर्यंत ऐकू आला.

शेवया रुखवतात मांडल्या. व्याह्यांकडच्या बायकांनी वाखाणल्या. कातणं अजून माझ्याकडे आहे. धार चांगली आहे.