टॉपस्पिनवरचा उतारा सांगणारा

जळगावच्या आमच्या टेनिस कोर्टावर हा गृहस्थ रोज येतो, पण रॅकेट कधीच हातात धरत नाही. खुर्चीत बसून बडीशेप चघळतो आणि येईल त्याच्या चुका काढतो.

एका सामन्यात धुळ्याच्या खेळाडूचा टॉपस्पिन टप्पा पडताच माझ्या खांद्याच्याही वर उसळायचा. हा म्हणाला, "त्याले मागून खेळूच देऊ नको, भाऊ. स्लाइस मारून चेंडू खाली ठेव, नेटजवळ ओढ त्याले."

तसं करून मी पहिला सेट जिंकलो. दुसऱ्यात माझे लागोपाठ दोन गेम गेले, तेव्हा हा उठला आणि धुळेकराच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"लॉब मार, भाऊ, डोक्यावरून. मागे पळव त्याले. त्याचा डावा गुडघा दुखतो."

मी सामना हरलो. माझ्या गुडघ्याचं मी घरीसुद्धा बोललो नव्हतो. फक्त या शहाण्याला सांगितलं होतं.