अर्धी पात

आमच्या कॉलेजातली ती पोरगी बसची वाट पाहतानाही टाचांनी ठेका धरायची. अनसिंगच्या बायांना लेझीम शिकवायला ती निघाली, तेव्हा ढोल वाजवायला मीही गेलो.

शेतातल्या निंदणाहून शाळेच्या पटांगणात आलेली म्हातारी म्हणाली, "दिवसभर वाकलो ना वं माय, आता कसरत कायले?"

ती हसली, पदर खोचून एकटीच नाचू लागली. एकेक बाई उठली. गोल करा म्हटलं, तर सवयीनं निंदणाची पात धरल्यासारख्या एका ओळीत नाचत पुढंच सरकल्या. तीही उलटी नाचत मागं गेली. पाठ शाळेच्या भिंतीला टेकली तशी शेताचा बांध लागल्यासारखी ओरडली, "धुरा आला! फिरा, दुसरी पात धरा!"

माझे हात भरून आले. मी थांबलो.

"थांबला काहून रे?" म्हातारी गरजली. "अर्धी पात सोडून कोनी उठते का?"