जांभळाची जोडकुपी

डॉ. पंचशीला हिवराळे मॅडमांशी माझी ओळख बोलणी खाण्यापासूनच झाली. पाचोडहून छत्रपती संभाजीनगरला संशोधनासाठी आले आणि पहिल्याच दिवशी ओली कुपी मांडली. "धुतलीय, का नुसती भिजवलीय?" मॅडमांनी विचारले. मला भारी राग आला होता.

मॅडमांचे काम सोन्याच्या अतिसूक्ष्म पुंजक्यांवर. अंड्याच्या पांढऱ्यात तयार केलेले हे पुंजके अतिनील दिव्याखाली लाल उजळतात. त्यांत मारक द्रव्य घातले की उजेड विझतो. आधी फळाचा रस घातला तर जेवढा उजेड वाचेल, तेवढी त्या रसाची अँटिऑक्सिडंट ताकद. शिवाय प्रत्येक रसाची मारक द्रव्य न घातलेली एक जोडकुपी ठेवायचीच, हा मॅडमांचा शिरस्ता. आम्ही त्याची भरपूर टिंगल करत असू.

फळांच्या रसांवरचा माझा प्रबंध संपत आला होता आणि घरून निरोप आला होता, शिक्षण पुरे, मेंढरांमागं माणूस नाही. नेमके तेव्हाच खुलताबादच्या जांभळाची ताकद जवळपास शून्य निघाली. जांभूळ वगळू या, असे मी सुचवले. मी नुसती ठेवून दिलेली जोडकुपी मॅडमांनी दिव्याखाली धरली. मारक द्रव्य नसूनही तीही मंद! रसाचा गडद रंगच उजेड गिळत होता. म्हणजे डाळिंब, करवंद अशा बाकीच्या गडद रसांचे आकडेही चुकलेले.

"वगळायचं काय नाय. सगळं परत करायचं," मॅडम म्हणाल्या. मी तिथेच रडले आणि घरच्या निरोपाचे सांगून टाकले.

त्याच आठवड्यात त्या एसटीने पाचोडला आमच्या घरी आल्या. माझ्या वडिलांनी, अण्णांनी विचारले, "मॅडम, पोरीला नोकरी लागंल का?"

"ते मला सांगता येत नाय, दादा. पण तिचं काम खोटं निघणार नाय. तिला अजून राहू द्या."

अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर मॅडम स्वतः माझ्या शेजारी बसून रस पातळ करू लागल्या. रंगाचा अडथळा गेला आणि जांभूळ सगळ्यांत वरचढ ठरले.

मॅडमांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथाचे सांगितले तेव्हा त्या हसल्या. "कौतुक लिहा, पण जोडकुपी ठेवा. मी नसते तर काय झालं असतं, तेही मांडा."

मांडते, मॅडम. तुम्ही नसता, तर मी आज पाचोडच्या माळावर मेंढरांमागे असते आणि जांभूळ कुचकामी आहे असेच मानत असते. आज माझ्या विद्यार्थिनी मला जोडकुपीवरून चिडवतात. त्यांना चार शब्द सुनवायला तरी तुम्ही ठणठणीत राहा आणि खूप वर्षे प्रयोगशाळेत येत राहा.