रेवाची म्हैस आणि पाण्याखालची हॉकी

माझ्या मुलीला भारताच्या संघातून खेळण्यासाठी म्हैस लागली.

खेळ हॉकीचाच, पण पाण्याखालचा. पोहण्याच्या तलावात तळाशी एक जड चकती असते, ती आखूड काठीनं ढकलत न्यायची, आणि हे सगळं श्वास रोखून! आमची रेवा नोकरीसाठी मेलबर्नला गेली आणि तिथं हे शिकली. मला पाण्याखाली सोडा, पाण्यावरही राहता येत नाही (आणि जन्म काढला कृष्णेच्या काठी). बायको गेल्यापासून सांगलीच्या घरात मी एकटाच. टीव्ही मोठ्यानं लावून ठेवतो, म्हणजे घरात कुणीतरी भांडतंय असं वाटतं.

एका रविवारी रेवाचा फोन आला. भारताच्या संघात तिची निवड होण्यासारखी होती. पासपोर्ट भारताचा, खेळ चांगला, फक्त एक अट आडवी आली होती. खेळाडू आपल्या मूळ जिल्ह्याच्या संघटनेचा सभासद हवा, आणि सांगलीत अशी संघटनाच नव्हती. "राहू द्या बाबा," ती म्हणाली. राहू द्या काय? आमच्याकडं चार माणसं चहाला बसली तरी अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक नाराज गट करूनच उठतात. तिथं संघटना नाही म्हणून माझी मुलगी बाहेर बसणार?

मी कडेगावच्या बापूला गाठलं. बापू माझा शाळेपासूनचा मित्र, दूध संस्थेचा सचिव म्हणून निवृत्त झालेला. संध्याकाळपर्यंत संघटना तयार. मी अध्यक्ष, बापू सचिव, संचालक सगळे बापूचे भाऊबंद. खेळाडू एकच, तीही मेलबर्नला. आता नियमावली कोण लिहीत बसणार? बापूनं दूध संस्थेचीच घेतली आणि 'दूध' होतं तिथं 'हॉकी' घातलं. मी अध्यक्षाच्या ऐटीत न वाचता सही ठोकली. नोंदणीही बिनबोभाट झाली, कारण असलं काही कुणी वाचत नाही.

वरच्या संघटनेत मात्र वाचलं. तिथं दोन गट होते आणि दोन्ही एकमेकांच्या चुका शोधायलाच बसलेले. तिथल्या एका साहेबांचा मला फोन आला. आवाज अगदी शांत.

"तुमच्या नियमाप्रमाणं प्रत्येक सभासदाच्या दारात एक तरी दुभतं जनावर पाहिजे. तुमच्या खेळाडूचं कुठं आहे?"

मी 'कळवतो' म्हणून फोन ठेवला. मला वाटलं बापूला घाम फुटेल. कसला फुटतोय! "त्यात काय हाय? आमची चंद्री देतो की. लावू रेवाच्या नावावर," म्हणाला. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून चंद्री आमच्या दारात उतरली. शेजाऱ्यांना वाटलं, एकटं राहून राहून माझं डोकं फिरलं. मी तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढला आणि पाठवून दिला (फोटोत अध्यक्ष तीच वाटत होती). साहेबांचं उत्तर आलं. म्हैस पाहिली, पण दार तुमचं आहे. सभासदाचं दार मेलबर्नला आहे.

आता एकच मार्ग उरला, तो नियमच बदलायचा. त्यासाठी सर्वसाधारण सभा, आणि सभेला सगळे सभासद समक्ष हजर. म्हणजे रेवा घरी येणार!

खरं सांगतो, मला चुकीचं काहीतरी करून इतका आनंद कधी झाला नव्हता. गाद्यांना ऊन दिलं, तिच्या खोलीतला पंखा पुसला, भडंगाचा मोठा पुडा आणून ठेवला. मग तिला फोन केला. 

"बाबा, सुट्टी एकदाच मिळणार," ती म्हणाली. "घरी आले तर संघाचं शिबिर चुकतं. शिबिर स्पर्धेच्या गावीच आहे, इकडंच परदेशात."

भडंगाचा पुडा मी तसाच फडताळात ठेवला.

सभा आमच्याच घरी भरली. बापूनं युक्ती काढली, पोरीला मोबाइलवर घ्यायचं, दिसली म्हणजे हजर. लगेच त्याच्या चुलतभावानं हरकत घेतली (खरा राग उपाध्यक्षपद न मिळाल्याचा). मोबाइलमधलं माणूस समक्ष कसं धरायचं? शेवटी ठरलं, अध्यक्ष सांगतील ते. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता. त्यात रेवा, नुकतीच सरावाहून आलेली, केस ओले. ती माझ्याकडंच बघत होती. मी नियमावर बोट ठेवून 'चालणार नाही' म्हणालो असतो, तर तिला यावं लागलं असतं. मला कुणी बोल लावला नसता. मला ती घरी हवी होती, फार हवी होती.

बापू माझ्या कानाशी आला. "गड्या, नीट इचार कर. हो म्हणलास तर पोरगी यायची न्हाई."

"दिसतेय ना? मग हजर आहे," मी म्हणालो. "लिही तू."

ठराव मंजूर झाला. बाहेर चंद्री हंबरली, तेवढीच काय ती टाळी. मंडळी चहा पिऊन गेली आणि मी भांडी विसळत बसलो.

साहेबांना ठरावात खोट सापडली नाही आणि रेवा संघात गेली. सामना मी आणि बापूनं माझ्या घरी मोबाइलवर पाहिला. पाण्याखालचा कॅमेरा बंद पडला होता. वरून दिसायचं ते नुसतं पाणी आणि मध्येच वर येणारी डोकी. बापू विचारायचा, "आपली कंची रं?" मी वाटेल त्या डोक्याकडं बोट दाखवायचो आणि आम्ही दोघं टाळ्या वाजवायचो. शेवटी बराच आरडाओरडा ऐकू आला, म्हणून आम्ही गल्लीत पेढे वाटले. आपण हरलो, हे रेवानं नंतर फोन करून सांगितलं.

काम झालं तशी बापूनं म्हैस परत मागितली. मी दिली नाही. सभासदाची मालमत्ता आहे, अध्यक्ष कशी देणार? आता टीव्ही बंद असतो आणि मी दारात घातलेल्या गोठ्यात चंद्रीशी बोलत बसतो. रेवाही हल्ली रोज व्हिडिओ कॉल करते. मी केस नीट करून, चष्मा पुसून फोन उचलतो, आणि ती म्हणते, "बाबा, जरा बाजूला सरका ना. चंद्री दिसत नाहीये."