उपटलेलं गवत आणि गण्याचं खुरपं

पोळ्याच्या सुट्टीत गावी आल्तो, तेव्हा तीर्थपुरीच्या पुढच्या माळावर माझी चांगलीच जिरली. अजून आठवलं की एकटाच हसतो… म्हणून लिहून राह्यलो.

माझं तुम्हाला माहीतच आहे. सातवीत शाळा सोडली, मंग वडीगोद्रीला ढाब्यावर, मंग पोकलेनवर, मंग नुसता चौकात. पाय काही एका जागी ठरत नव्हता.

ठरला तो त्या माळावर. एक संस्था आमच्यासारख्या पोरांना तिथं बारा महिने काम देते… उन्हाळ्यात उतारावर चर खोदायचे, पावसाळ्यात झाडं लावायची, हिवाळ्यात वणवा पसरू नये म्हणून वाळल्या गवतात मोकळे पट्टे काढायचे. तिथूनच पुढं मी कच्छला आलो. दोन वर्षं झाली, इथं गवताळ रान राखायचं काम करतो.

आता माझा चुलतभाऊ गण्या त्याच टोळीत आहे. बसस्टँडवरच्या मारामारीत नाव आलं, म्हणून काकूनं त्याला तिथं घातला. पण महिनाभरात दोन भांडणं, चार दांड्या… कामावरच्या वैशालीताईंनी स्पष्ट सांगून टाकलेलं, अजून एक गडबड झाली की नाव कमी. मी घरी पोचलो तर काकूचं पहिलं वाक्य, "तेवढं त्याला धरून ठेव रे बाबा."

त्या दिवशी ताईंना अंबडला मीटिंग होती. मला म्हणाल्या, तू आहेसच तर दिवसभर पोरं सांभाळ. मी जाम खूश… अकरा पोरं आणि मी मुकादम!

"झाडांभोवतीचं साफ करा," एवढं सांगितलं आणि वरच्या अंगाला एक चर फुटलेला, तो बांधायला गेलो. दोन तासांनी खाली उतरलो आणि बघतच राहिलो. माळ असा स्वच्छ, जशी निंदलेली कपाशी. काडी म्हणून नाही!

आता घोटाळा असा, की चरांच्या बांधावर ताईंनी जूनमधे पवन्या गवताचं बी टाकलेलं. माती वाहून जाऊ नये म्हणून. ते गवत चांगलं मांडीएवढं झालं होतं… आणि पोरांनी ते सगळं मुळासकट काढून, पेंढ्या बांधून, बैलांसाठी घरी न्यायला ओळीनं मांडून ठेवलेलं.

गण्या खुरपं घेऊन पुढं. "बघ दादा, एक तण ठेवलं न्हाई. चार चर बिलकुल चकाचक!"

ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आमच्याकडं रानात गवत दिसलं की माणसाची इज्जत जाते. येणारा-जाणारा विचारतो, मालक जित्ता हाय का बे? पोरांनी जन्मभर बघितलं तेच केलं. दोन वर्षं गवतात राहून मीच विसरलो, की इथं गवत म्हणजे दुश्मन.

खरं काय ते सांगितलं. सगळ्यांची तोंडं उतरली. ताई चार वाजता येणार होत्या.

गण्यानं खुरपं टाकलं. "मंग मी जातो दादा. मीच सगळ्यायला लावलं उपटायला. नाव तर गेलंच."

तो चपला घालायला लागला. मागून टोळीतलाच शफीक म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! उपटायला बी पुढं अन् पळायला बी पुढं!"

गण्या गर्रकन वळला. मी मनात म्हटलं, झालं… तिसरं भांडण. पण त्याची नजर शफीकच्या पायापाशी पडलेल्या पेंढीवर गेली. तो खाली बसला, मुळं चाचपली.

"दादा, मुळं वली हायेत अजून. कांद्याचं रोप बी आपण उपटूनच लावतो ना?"

गण्या लहानपणापासून काकूसंगं निंदायला, कांदे लावायला जायचा. पोरं त्यावरून त्याला चिडवायची… त्या दुपारी सगळी त्याच्याच मागं.

"शेंडे छाटा आधी. दोघंजण पाणी आणा, जल्दी. वीतभर जागा सोडून एकेक ठोंब लावा."

"कोणाची वीत?"

"माझी. तुझी वीत पोराची हाय."

आदल्या दिवशीच्या पावसानं माती मऊ होती. जेवणाचे डबे तसेच राहिले. मी पण रांगेत, आणि गण्या मलाच ओरडतोय, "दादा, दाबून लाव ना बराबर!" कुणी गाणं म्हणतंय, कुणी चिखल फेकतंय… एवढा मी कित्येक महिन्यांत हसलो नव्हतो.

ताई आल्या तेव्हा शेवटचा बांध अर्धा बाकी होता. मी बोलणार तेवढ्यात गण्या उभा राहिला. "ताई, गवत मी उपटलं. ह्यायला बी मीच सांगितलं."

"सांगायचं मी विसरलो होतो," मी म्हटलं.

ताई बांधावरून चालत गेल्या, वाकून एक ठोंब ओढून पाहिलं. नाही निघालं. दुसरं ओढलं… तेही नाही.

"बी टाकून इतकं सरळ ओळीत उगवलं नसतं," त्या म्हणाल्या. "खालच्या चरांवर बी उगवलंच नाहीये. वरच्या चरांवर राहिलेलं दाट गवत विरळ करून खाली असंच लावायचं. उद्यापासून गणेश दाखवेल. आणि गणेश… लवकर यायचं."

पोरांनी एवढा कल्ला केला, की खालच्या वावरातली माणसं उभी राहून बघायला लागली.

आता मी परत इथं कच्छमधे. काल नवीन पोरं कामावर आली, तर आधी वाकून हातानं दाखवलं… हे काढायचं, हे ठेवायचं. तेव्हा कुठं खुरपी वाटली.

ताई, त्या दिवशी तुम्ही चिडायच्या आधी वाकून पाहिलंत. गण्याकडून आणि माझ्याकडून, त्याबद्दल मनापासून आभार.